वृत्तपत्री कागद कोणासाठी?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या वर्गाचा विषय ठरविताना आपल्यातील एका तरुण साथीने मला प्रश्न विचारला : युरोपातील दोन देशांनी वर्षानुवर्षे किती रकमेचा वृत्तपत्री कागद आयात केला, याचे आकडे शेजारीशेजारी मांडले, तर त्यांतून आपल्याला काय कळेल? प्रश्न वरवर पाहता अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा वाटतो. कापसाचा भाव, कर्ज आणि पाणी यांनी गांजलेल्या वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी ब्रिटन आणि फिनलंड यांच्या कागदाची उठाठेव का करावी, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्याला आपले म्हणणे छापून चार माणसांपर्यंत पोहोचवायचे आहे, त्याला कागदाच्या अर्थकारणाकडे पाठ फिरविता येत नाही. म्हणून त्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

आयातीचे मूल्य हा आकडा सरळ दिसतो. तो तसा नसतो. त्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात : किती टन कागद आला, टनाला काय भाव पडला आणि त्या दिवशी आपल्या चलनाचा विनिमयदर काय होता. यांपैकी एक जरी हलली तरी आकडा हलतो. आपल्याच देशाचे उदाहरण घ्या. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. आदल्या दिवशी एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडत होते, ते ७ रुपये ५० पैसे पडू लागले. म्हणजे शंभर डॉलरच्या कागदाचे बिल ४७६ रुपयांवरून एका रात्रीत ७५० रुपयांवर गेले. बंदरात एकही रीळ जास्त उतरले नव्हते, एकाही खेड्यात एकही अंक जास्त गेला नव्हता. तरी रुपयांतला आकडा दीडपटीहून अधिक फुगला. नुसता तक्ता पाहणारा मनुष्य म्हणेल की, १९६६ साली भारतात वाचनाची भूक एकाएकी वाढली!

आता त्या दोन देशांकडे वळू. फिनलंड हा अरण्यांचा देश. शतकभर त्याने जगाला वृत्तपत्री कागद पुरविला. त्याला तो बाहेरून आणण्याचे कारणच नव्हते. परंतु वृत्तपत्रांचा खप जगभर घसरू लागला, कंपन्यांना या कागदापेक्षा वेष्टनाच्या पुठ्ठ्यात अधिक नफा दिसू लागला, आणि एकामागून एक यंत्रे बंद झाली. २०२० च्या अखेरीस कैपोला येथील गिरणीही बंद करण्यात आली. त्या देशातील वृत्तपत्री कागदाची ती शेवटची गिरणी होती. त्यानंतर फिनलंडच्या वृत्तपत्रांना परक्या देशांच्या कागदावर विसंबून राहणे भाग पडले. म्हणजे तेथे आयात वाढली याचा अर्थ वाचक वाढले असा नाही. कामगारांच्या हातचे काम गेले, असा आहे.

ब्रिटनची गोष्ट निराळी. तो पूर्वापार कागद आयात करणारा देश. दुसऱ्या महायुद्धात तेथे कागदाचे रेशनिंग आले आणि थोर थोर दैनिके चार पानांवर आली. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षे हे नियंत्रण चालू राहिले. आश्चर्य असे की, कागदाच्या या दुष्काळात कामगारवर्गाचे 'डेली हेरल्ड' हे दैनिक बऱ्यापैकी सुस्थितीत होते. पानेच मर्यादित असल्यामुळे जाहिरातदारांना निवडीला वाव नव्हता. श्रीमंतांच्या पत्रात जागा मिळाली नाही की, ते मुकाट्याने कामगारांच्या पत्राकडे येत. १९५० नंतरच्या दशकात नियंत्रण उठले, कागद मुबलक झाला, मोठ्या पत्रांची पाने फुगली आणि जाहिराती तिकडे वाहू लागल्या. 'न्यूज क्रॉनिकल' १९६० साली बंद पडले. 'डेली हेरल्ड' १९६४ साली संपले, आणि तेही दहा लाखांहून अधिक खप असताना! त्याचे वाचक गेले नव्हते. त्याच्या वाचकांच्या खिशात जाहिरातदारांना हवा तेवढा पैसा नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

या दोन हकीकतींवरून एक गोष्ट लक्षात येईल. एका देशात आयातीचा आकडा चढतो, कारण गिरणी मेली. दुसऱ्या देशात कागदाची समृद्धी येते आणि त्याच समृद्धीत कामगारांचे पत्र मरते. आणखी एक मेख आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वृत्तपत्री कागदाचे शीर्ष ४८०१ असे आहे. एखाद्या देशाने तयार कागद आणण्याऐवजी लगदा आणला किंवा जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणून तिच्यापासून कागद केला, तर ती आयात दुसऱ्या शीर्षाखाली जाते आणि ४८०१ चा रकाना स्वावलंबनाची खोटी साक्ष देतो. तेव्हा आकडे जरूर पाहावेत. पण प्रत्येक आकड्याला समाजवाद्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : हा कागद अखेर कोणाच्या हाती गेला?

हाच प्रश्न आता आपल्या घरी विचारू.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वृत्तपत्री कागद तयारच होत नव्हता. सारा परदेशातून येई. तो येथे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न नेपानगर येथे झाला. १९४७ साली खासगी कंपनी म्हणून निघालेली ही गिरणी भांडवलाअभावी अडखळली आणि १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारला ती हाती घ्यावी लागली. जानेवारी १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले आणि एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. तेव्हा वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता आणि राजधानी नागपूर होती. सलईचे लाकूड आणि बांबू यांपासून देशात वृत्तपत्री कागद होऊ शकतो, हे आपल्या जुन्या राज्याने सिद्ध केले, याचा अभिमान आपल्याला असावयास हवा. परंतु तीस हजार टन क्षमतेची ती गिरणी देशाची भूक भागवू शकत नव्हती. बाकीचा कागद परकीय चलन मोजून आणावा लागे, आणि चलन तुटपुंजे होते. म्हणून नियंत्रण आले, परवाने आले, कोटा आला.

वाटप आले की न्यायाचा प्रश्न येतो. १९५२ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. आचार्य नरेंद्र देव आणि रावसाहेब पटवर्धन हे आपल्या चळवळीला पूज्य असलेले दोन पुरुष त्या आयोगाचे सदस्य होते. मोठे पत्र अल्प किंमतीत भरमसाट पाने देऊन लहान पत्राचा गळा आवळते, हे आयोगाने ओळखले आणि किंमत व पाने यांचे प्रमाण कायद्याने ठरवावे, अशी शिफारस १९५४ मध्ये केली. त्यातून १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश निघाला.

हेतू चांगला होता. पण त्या आदेशाला आव्हान दिले ते पुण्याच्या 'सकाळ'ने. हे पत्र कोणा साखळीमालकाचे नव्हते. सात नव्या पैशांत ते आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून चौतीस पाने देत होते. आदेशाप्रमाणे त्या किंमतीत चोवीसच पाने देता आली असती. सप्टेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरविला. पाने कमी करणे किंवा किंमत वाढविण्यास भाग पाडून खप कमी करणे, हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील आघात होय, असे न्यायालयाने म्हटले. राक्षसांसाठी लावलेल्या जाळ्यात आपल्यातलेच एक पत्र सापडले, हा त्या प्रकरणाचा धडा आपण विसरू नये.

पुढे १९७२-७३ च्या कागदधोरणात सरकारने दहा पानांची मर्यादा घातली आणि एकाच मालकाच्या साखळीला आपल्या कोट्यातून नवे पत्र वा नवी आवृत्ती काढण्यास मनाई केली. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी बेनेट कोलमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे निर्बंधही रद्द केले. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. भाषणस्वातंत्र्य हे केवळ छापखान्याच्या मालकाचे नाही. समाजाला नाना मते ऐकावयास मिळणे हाही त्याचाच भाग आहे आणि दुर्मीळ कागदाचे वाटप करताना राज्याने त्याचा विचार करणे गैर नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आपल्यापैकी अनेकांना हे मत बहुमताच्या निकालापेक्षा अधिक न्याय्य वाटले आणि आजही वाटते.

परंतु साथींनो, येथे आत्मपरीक्षण केले पाहिजे. त्या निकालाला तीन वर्षेही झाली नव्हती तोच आणीबाणी आली. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली, पूर्वपरीक्षण आले आणि आपले हजारो साथी तुरुंगात गेले. ज्या सरकारच्या हाती कागद द्यावा असे आपण न्यायाच्या नावाने म्हणत होतो, त्याच सरकारच्या हातात कागद आणि जाहिराती हे दोन चाबूक आहेत, हे त्या काळात उघडे पडले. कोट्याच्या व्यवस्थेत भ्रष्टाचारही माजला होता. नावापुरती नियतकालिके काढून त्यांच्या नावावरचा कागद काळ्या बाजारात विकणारे महाभाग त्या काळी कमी नव्हते. म्हणून कोट्याचे जुने दिवस परत यावेत, असे मी म्हणणार नाही. धनिकाच्या मुठीतून सोडविलेला कागद मंत्र्याच्या मुठीत दिल्याने तो जनतेचा होत नाही.

मग बाजाराच्या हाती दिल्याने होतो काय? तेही आपण पाहिले. १९८१ पर्यंत वृत्तपत्री कागदाला सीमाशुल्क माफ होते. त्या वर्षी ते शेकडा पंधरा दराने बसविण्यात आले आणि पुढील वर्षी त्याऐवजी टनाला ५५० रुपये असा ठोक दर आला. इंडियन एक्सप्रेस व इतर पत्रांच्या याचिकांवर ६ डिसेंबर १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला या कराचा फेरविचार करावयास सांगितले. ज्ञानावरचा कर लावताना जपून पाऊल टाकावे, हा त्या निकालाचा गाभा. परंतु त्याच निकालात आपल्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे. लहान, मध्यम व मोठी असे पत्रांचे वर्ग करून त्यांना निरनिराळे शुल्क लावणे समतेच्या तत्त्वाविरुद्ध नाही, हे न्यायालयाने मान्य केले होते.

१९९१ नंतर उदारीकरण आले आणि १९९५ पर्यंत कागदाची आयात खुली झाली. ज्याच्याजवळ पैसा, त्याच्याजवळ कागद. मोठ्या पत्रांनी किंमती उतरविल्या, रंगीत पुरवण्या वाढविल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत आवृत्त्या काढल्या. वाचकाकडून छपाईचा खर्चही निघत नव्हता; तो जाहिरातदार भरीत होता. 'डेली हेरल्ड'ची कथा आपल्याकडे मराठीत पुन्हा लिहिली गेली. आणि जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर शेकडा दहा शुल्क बसले, तेव्हा लहान-मोठा हा भेदही उरला नव्हता. पुढील वर्षी ते पाच टक्क्यांवर आले, पण सर्वांना सारखेच. लक्षाधीशाला आणि भूमिहीनाला एकच कर लावणे याला समता म्हणत नाहीत.

२०२० च्या साथीत घरोघरचे अंक बंद झाले आणि कागदाची आयातही घसरली. तो काही स्वदेशीचा विजय नव्हता. त्यानंतर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. आपल्या आयात कागदाचा मोठा वाटा रशियातून येत होता. पुरवठा विस्कळीत झाला आणि दोन वर्षांपूर्वीच्या मानाने भाव दुपटीच्या घरात गेले. टन कमी आणि बिल जड, असा तो काळ होता. युरोपच्या पूर्व टोकाला तोफ उडाली आणि विदर्भातल्या साप्ताहिकाने पाने कमी केली, हे परावलंबनाचे खरे मोजमाप आहे. नेपानगरची गिरणी या काळात नूतनीकरणासाठी कित्येक वर्षे बंद होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आता एक साधा हिशेब करू. वृत्तपत्री कागद एका चौरस मीटरला सुमारे ४५ ग्रॅम भरतो. मोठ्या दैनिकाचे पान ५५ सेंटिमीटर लांब व ३५ सेंटिमीटर रुंद धरा. सोळा पानांचा एक अंक सुमारे ७० ग्रॅमचा होतो. पाच लाख खपाच्या दैनिकाला एका दिवसाला जवळजवळ ३५ टन कागद लागतो. उलट निम्म्या आकाराची आठ पाने देणारे, दोन हजार खपाचे साप्ताहिक घ्या. त्याला एका अंकाला सुमारे ३५ किलो आणि वर्षाच्या ५२ अंकांना मिळून १,८०० किलो कागद पुरतो. म्हणजे त्या दैनिकाच्या एका दिवसाच्या कागदाचा सुमारे विसावा भाग आपले संपूर्ण वर्ष चालवितो! देशाच्या आयातीच्या आकड्यात आपण कोठे दिसणारही नाही. आपल्यामुळे परकीय चलनावर ताण येत नाही. तरीही भाववाढीचा पहिला फटका आपल्यालाच बसतो. दैनिक गिरणीकडून रिळे घेते, महिन्यांचा साठा करते, भाव ठरवून घेते. साप्ताहिकाचा व्यवस्थापक व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन रिमे मोजून घेतो, तीही पुष्कळदा उधारीवर.

वर्ध्याच्या मातीत या प्रश्नाचे दुसरे एक उत्तर पडलेले आहे. जमनालालजी बजाज यांच्या साह्याने १९२० साली 'राजस्थान केसरी' हे पत्र येथून निघाले. विनोबांनी १९२३ साली 'महाराष्ट्र-धर्म' येथूनच सुरू केले. सेवाग्रामच्या कुटीत बसून गांधीजी 'हरिजन'साठी लिहीत, आणि त्या पत्राने जाहिरात कधी घेतली नाही. ते वर्गणीदारांवर चालले. ते बंद पडले ते १९४२ साली, परकीय सरकारच्या हुकुमाने. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहिणाऱ्या त्या माणसाला पुष्कळांनी कंजूष म्हटले असेल. कागद ही राष्ट्राची संपत्ती आहे, हे त्याला कळत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत कुमारप्पांच्या मार्गदर्शनाखाली हातकागदाचा उद्योग चालविला.

हातकागदावर दैनिके छापता येतील, असे मी म्हणत नाही. वेगवान यंत्राला तो कागद चालत नाही आणि परवडतही नाही. घेण्यासारखी आहे ती कुमारप्पांची दृष्टी : कच्चा माल जवळचा, मालकी करणाऱ्यांची, उपयोग गरजेपुरता. आपल्या जिल्ह्यात कापूस वेचून झाल्यावर उभी पऱ्हाटी उपटून जाळली जाते किंवा चुलीत जाते. पऱ्हाटीपासून लगदा आणि फळ्या करता येतात, यावर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काम केलेले आहे. ते काम प्रयोगशाळेतून तालुक्याला का येऊ नये, हा प्रश्न आपण विधिमंडळाच्या दारात नेऊन विचारला पाहिजे.

मला चार मागण्या सुचतात. पहिली : आयात शुल्कात लहान पत्रांना पूर्ण माफी आणि मोठ्यांना चढता दर असावा, १९८४ च्या निकालाने तो मार्ग मोकळा ठेवलेला आहे. दुसरी : सार्वजनिक मालकीच्या गिरण्यांनी आपल्या उत्पादनाचा ठरावीक भाग भारतीय भाषांतील लहान नियतकालिकांना वाजवी भावाने द्यावा, आणि तो कोणाला मिळाला याची यादी जाहीर व्हावी, म्हणजे मंत्र्याची मर्जी आणि काळा बाजार या दोन्हींना आळा बसेल. तिसरी मागणी आपली आपल्याकडेच आहे : विदर्भातील लहान साप्ताहिकांनी आणि मासिकांनी कागदखरेदीचा सहकारी संघ काढावा. दहा नियतकालिके एकत्र आली तर व्यापाऱ्याच्या दुकानाऐवजी गिरणीच्या दारात उभे राहता येईल. सूतगिरणी सहकारात काढता येते, मग कागदाचे गोदाम का नाही?

चौथी मागणी आपणा प्रत्येकाकडे आहे आणि ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो. आपले साप्ताहिक जाहिरातदारांवर चालत नाही आणि चालू नये. ते वर्गणीवर चालते. कित्येक शाखांकडे गेल्या वर्षाची वर्गणी बाकी आहे. अंक येतो, वाचला जातो, त्यावर वादही होतात. पण त्याचा कागद कोणाच्या उधारीवर आला, हे विचारले जात नाही. 'डेली हेरल्ड'च्या वाचकांची संख्या आपल्यापेक्षा शेकडो पटींनी मोठी होती. ते पत्र आपल्या पैशावर जगविण्याची व्यवस्था मात्र त्या चळवळीने उभी केली नाही. ती चूक आपण करता कामा नये.

त्या तरुण साथीने मांडलेला दोन देशांचा तक्ता त्याने जरूर पुरा करावा. त्यात टन, भाव आणि विनिमयदर असे तीन रकाने वेगळे पाडावेत. चौथा रकाना त्याला कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही : त्या त्या वर्षी कष्टकऱ्यांची किती पत्रे जिवंत राहिली, हा. तो रकाना दर देशात चळवळीलाच भरावा लागतो. वर्धा जिल्ह्यापुरता तो आपण भरू या. आणि त्यासाठी प्रत्येक शाखेने थकलेली वर्गणी या महिन्याच्या आत पोहोचवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.